केसपेपरच्या खिडकीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत

बारावीनंतर नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान किंवा वैद्यकीय शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे बहुतेक प्रश्न गुण, फी आणि प्रवेशाच्या फेऱ्या यांच्याभोवती फिरतात. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो आणि रुग्णसेवेत घालवलेल्या तासांना त्यात जागा नसते, त्यामुळे "आधीपासून अनुभव घेऊन उपयोग काय?" असे कोणी विचारले तर ते स्वाभाविकच आहे. मी नागपुरात अनेक वर्षे परिचर्येची पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंग शिकवणारी शिक्षिका, म्हणून काम केले. त्या काळात पहिल्या वॉर्ड पोस्टिंगच्या आठवड्यातच शिक्षण सोडून गेलेल्या मुली मी पाहिल्या. अभ्यास त्यांना जड गेला नव्हता. आजारी माणसाच्या शेजारी अर्धा तास उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर त्यापूर्वी कधी आलीच नव्हती, आणि हे त्यांना फी भरल्यानंतर कळले. अनुभव आधी घ्यायचा तो यासाठी.

अनुभव म्हणजे हातात सुई येणे, अशी एक समजूत विद्यार्थ्यांमध्ये आढळते. ती आधी मनातून काढून टाकावी. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने रुग्णाला इंजेक्शन देणे, सलाईन लावणे किंवा औषध ठरवणे बेकायदा आहे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळणारेही आहे. ओळखीच्या एखाद्या छोट्या दवाखान्यात "ये, तुला टोचायला शिकवतो" असे आपुलकीने सांगितले जाते, तेव्हा नम्रपणे नाही म्हणावे. प्रवेश घेतल्यानंतर हे सारे शिक्षकांच्या देखरेखीखाली, पुतळ्यावर सराव करून, क्रमाने शिकवले जाते. त्याआधी शिकायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझ्या मते त्याच अधिक अवघड आहेत: रुग्णाकडे नीट पाहणे, तो बोलतो ते त्याच्याच शब्दांत ऐकून घेणे, मोजायचे ते खरोखर मोजणे आणि जे मोजले तेच लिहिणे.

कोठे जावे आणि कोणाला भेटावे

नागपूर या बाबतीत भाग्यवान शहर आहे. 1947 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांचे "मेडिकल", आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे "मेयो", या दोन रुग्णालयांत विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून, तसेच छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या बाजूंनीही रुग्ण येतात. स्त्रिया व नवजात बालकांसाठी डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे, कर्करोगासाठी राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, मानसिक आजारांसाठी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि मिहानमध्ये एम्स आहे. याशिवाय महानगरपालिकेची नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रे वस्त्यावस्त्यांत आहेत. नवख्या विद्यार्थ्याने सुरुवात तेथूनच करावी असे मी सुचवेन, कारण मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीत त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणाला फुरसत नसते, तर वस्तीतल्या केंद्रात एकाच सकाळी लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, क्षयरोगाची औषधे घ्यायला आलेले रुग्ण आणि मधुमेहाच्या गोळ्यांची रांग असे सारे एका छताखाली दिसते.

ओळखीने आत शिरण्याचा मार्ग टाळावा, कारण ओळखीने आलेल्याला काम कोणी सांगत नाही, फक्त खुर्ची देतात. तुम्ही आधीच एखाद्या महाविद्यालयात असाल तर प्राचार्यांच्या पत्रानिशी जावे. राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांमार्फत जावे, कारण त्या योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे काम अपेक्षित असते आणि आरोग्य केंद्रातील काम त्यात धरता येते. यांपैकी काहीच नसेल तर शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या पदावरील व्यक्तीला भेटावे. निराधार रुग्ण, उपचाराच्या योजनांची कागदपत्रे, घरच्यांशी बोलणे, अशी कामे या विभागाकडे असतात आणि मदतीचा हात कोठे लागतो हे त्यांना नेमके ठाऊक असते. परवानगी देण्याचा अधिकार मात्र वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा अधिष्ठात्यांचा असतो, म्हणून अर्ज त्यांच्याच नावे करावा.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. मी विद्यार्थ्यांना साधारण असा मजकूर लिहायला सांगत असे: "महोदय, मी बारावी विज्ञान शाखेत शिकत असून पुढे परिचर्येचे शिक्षण घेण्याचा माझा विचार आहे. आपल्या रुग्णालयात दर शनिवारी सकाळी 9 ते 1 या वेळेत, तीन महिने, बाह्यरुग्ण विभागात मार्गदर्शन व मदतीचे काम करण्याची परवानगी मिळावी ही विनंती. मी कोणताही उपचार करणार नाही, रुग्णांची माहिती कोठेही उघड करणार नाही व नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांच्या सूचनेनुसारच काम करीन." सोबत ओळखपत्राची व लसीकरणाच्या नोंदीची प्रत जोडावी, आणि वय 18 पेक्षा कमी असल्यास पालकांचे संमतीपत्रही जोडावे. "मला काहीही काम चालेल" असे लिहिलेला अर्ज फाईलमध्ये पडून राहतो, तर दिवस, वेळ आणि मुदत दिलेल्या अर्जावर निर्णय घेणे सोपे जाते. आठ दिवसांनी स्वतः जाऊन चौकशी करावी आणि नकार मिळाला तर दुसरीकडे जावे. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. पैसे घेऊन "क्लिनिकल ट्रेनिंग"चे प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. रुग्णच न पाहता मिळालेला कागद पुढे कोणत्याही मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडा पडतो.

जाण्यापूर्वीची तयारी

हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने असे घ्यावे लागतात, त्यामुळे ही गोष्ट सर्वांत आधी सुरू करावी. धनुर्वाताची लस झाली आहे का तेही पाहावे. इंडियन रेड क्रॉस सोसायटी किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचा प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम करून ठेवावा. हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबायची, हे वाक्य पाठ करणे निराळे आणि पुतळ्यावर दोन मिनिटे दाबताना मनगटे भरून येणे निराळे.

हात धुणे सर्वांनाच येते असे वाटते. साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद हात धुवायचे असतात, आणि अंगठा, बोटांची टोके व बोटांच्या बेचक्या याच जागा बहुधा कोरड्या राहतात. नखे कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले आणि पावले पूर्ण झाकणारे बूट असावेत. जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग पहिल्याच दिवशी समजून घ्यावेत: रक्त लागलेली पट्टी, कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या, हातमोजे यांसारखे प्लास्टिक व रबर लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. तुम्हाला सुई हाताळायची नसली तरी कोणीतरी टाकलेली सुई चादरीत सापडू शकते. ती टोचलीच तर जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, पिळू नये, बोट तोंडात घालू नये, स्पिरिट ओतू नये आणि त्याच क्षणी सिस्टरना सांगावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. भीतीने गप्प राहिलेल्या विद्यार्थ्यांची मला नेहमी काळजी वाटत आली आहे. टोचले तर सांगा, कोणीही रागावणार नाही, आणि रागावले तरी सांगा.

पहिले आठवडे

पहिल्या दिवशी बहुधा केसपेपरच्या खिडकीजवळ उभे करतील. हे काम हलके समजू नये. गडचिरोलीहून रात्रीच्या बसने आलेले आजोबा, हातात जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी, कोणत्या रांगेत उभे राहायचे हे माहीत नाही आणि विचारायचा संकोच. अशा माणसाला योग्य विभागापर्यंत नेऊन बसवणे, व्हीलचेअर आणून देणे, रक्ततपासणीची खोली दाखवणे आणि रिपोर्ट कधी मिळेल हे दोनदा सांगणे, यातून रुग्णालय आतून कसे चालते ते जितके समजते तितके पुस्तकातून समजत नाही. वॉर्डातील मामा आणि मावशींना नावाने ओळखावे व मान द्यावा. उठू न शकणाऱ्या रुग्णाला खाटेवरून स्ट्रेचरवर न दुखावता कसे घ्यायचे, हे मला एका मावशींनी शिकवले आणि पुढे मी ते शेकडो मुलींना शिकवले.

यानंतरची पायरी ऐकण्याची आहे आणि नागपुरात ती विशेष कसोटीची आहे. येथे एकाच बाकावर वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, छत्तीसगढी आणि क्वचित गोंडी बोलणारी माणसे बसलेली असतात. "अंगात कसर आहे" म्हणजे बारीक ताप. "ओकाऱ्या होतात" म्हणजे उलट्या. एखादी बाई "अंगावरून पांढरं जातं" असे खालच्या आवाजात सांगते तेव्हा ती कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी ते सांगत असते. "कळ येते", "मुंग्या येतात", "आग होते", "ठणकते" ही चार दुखणी आहेत, आणि त्यांचे सरसकट "दुखते" असे भाषांतर करून डॉक्टरांना सांगितले तर रुग्णाने दिलेली माहिती वाटेतच सांडते. तुम्हाला मधे बोलायला सांगितले तर रुग्णाचा शब्द जसाच्या तसा सांगावा, आपला अर्थ त्यात मिसळू नये. आणि स्वतःहून सल्ला कधीही देऊ नये. "मला यातले कळत नाही, सिस्टरना विचारून येते" हे वाक्य पहिल्या वर्षभरात जितके वेळा म्हणाल तितके चांगले.

विदर्भात काम शिकणाऱ्याने सिकलसेलचा रुग्ण एकदा तरी जवळून समजून घ्यावा. या आनुवंशिक आजारात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटत असल्यासारख्या वेदना होतात. बाहेरून जखम नाही, सूज असेलच असे नाही, म्हणून कॉलेजात जाणारा मुलगा कळवळत असताना आजूबाजूचे लोक त्याला नाटकी समजतात. रुग्ण दुखते म्हणतो तेव्हा दुखते असे धरून चालायचे, हा धडा या वॉर्डात मिळतो. चाचणी शिबिरांत मदतीला मनुष्यबळ लागतेच. तेथे नावनोंदणी करताना वाहक आणि रुग्ण यांतील फरक, तसेच प्राथमिक विद्राव्यता चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांनी खात्री का करावी लागते, हे तंत्रज्ञांना विचारून घ्यावे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासी भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे, त्यामुळे हे काम पुढील काही वर्षे सतत चालणार आहे.

मोजणे

आता जो विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येते. मी स्वतः शिकत असताना एका वॉर्डात रात्रपाळीला होते. तापमान आणि नाडी मोजायची आणि श्वासाच्या रकान्यात सगळ्यांपुढे 20 लिहायचे, अशी वाईट सवय मला लागली होती, कारण श्वास मोजायला पूर्ण मिनिट जाते. पहाटे फेरीला आलेल्या वरिष्ठ सिस्टर एका मुलाच्या खाटेशी थांबल्या, घड्याळ काढले आणि मला मोजायला लावले. श्वास 36 होते. मी दोन तासांपूर्वी 20 लिहिले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. डॉक्टरांना बोलावले, मुलाला प्राणवायू लावला आणि नंतर मला एवढेच विचारले, "हा आकडा तू कोठून आणलास?" तो मुलगा बरा होऊन घरी गेला, पण त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

श्वास मोजायला कोणतेही उपकरण, परवाना किंवा पदवी लागत नाही. घरातल्या झोपलेल्या माणसापासून सुरुवात करावी. छातीचे वर येणे आणि खाली जाणे मिळून एक श्वास, पूर्ण 60 सेकंद, आणि ज्याचे मोजतो त्याला कळू न देता, कारण कळले की माणूस निराळा श्वास घेऊ लागतो. नाडी मोजत असल्याप्रमाणे मनगट धरून ठेवावे आणि नजर छातीवर ठेवावी. खोकला-ताप असलेल्या लहान मुलाच्या बाबतीत हा आकडा न्यूमोनियाची पहिली खूण ठरतो: दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक.

या साध्या कौशल्याचे मोल किती, याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत "सर्च" ही संस्था सुरू केली. गावातल्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नाहीत हे लक्षात घेऊन त्यांनी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले श्वासमापक तयार केले. पुढे गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिचे निष्कर्ष 1999 साली "द लॅन्सेट"मध्ये प्रसिद्ध झाले आणि अभ्यासातील गावांमध्ये नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. आज आशा कार्यकर्त्या बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात, त्याचे मूळ या कामात आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी मिळाली तर काटोल, उमरेड, रामटेक अशा आपल्या जिल्ह्यातील एखाद्या गावात आशाताईंबरोबर एक पूर्ण दिवस फिरावे. त्या वजनकाटा कसा लावतात, बाळाला उघडे न ठेवता कसे तपासतात आणि सासूला न दुखावता चूक कशी दाखवून देतात, हे पाहण्यासारखे असते.

रक्तदाबाचेही असेच आहे. शिबिरांत रुग्ण उन्हातून चालत येतो, धापा टाकत बसतो, आणि लगेच त्याच्या दंडाला पट्टा बांधला जातो. माणूस पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसलेला हवा, पाय जमिनीवर हवेत, दंड हृदयाच्या पातळीवर आधारावर ठेवलेला हवा, पट्टा दंडाच्या मापाचा हवा, आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नसावी आणि मोजताना कोणी बोलू नये. शिबिरात मदतनीस म्हणून गेलात तर मोजण्याचा हट्ट न धरता लोकांना पाच मिनिटे बसवून ठेवण्याचे काम मागून घ्यावे. त्यामुळे दिवसभराचे सगळेच आकडे सुधारतात.

ऊन आणि गर्दी

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उष्माघाताचा रुग्ण ओळखणे हे प्रत्येकाला आले पाहिजे. अंग भाजत असेल आणि त्याबरोबर माणूस बरळत असेल किंवा त्याची शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात समजावा, 108 ला फोन करावा, सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे व वारा घालावा, आणि शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जमणाऱ्या लाखो अनुयायांसाठी जी आरोग्यपथके उभी राहतात, तेथेही स्वयंसेवकांची गरज असते. पायाला आलेले फोड, उपाशीपोटी घेतलेली मधुमेहाची गोळी, हरवलेले वृद्ध, असे प्रश्न तेथे तासातासाला येतात.

वही, आणि जे बाहेर बोलू नये ते

दररोज घरी आल्यावर एक पान लिहावे: तारीख, वेळ, विभाग, कोणाच्या देखरेखीखाली, काय पाहिले, काय केले, काय समजले नाही. शेवटचा रकाना सर्वांत मोठा ठेवावा आणि पुढच्या भेटीपर्यंत त्यातील एका तरी प्रश्नाचे उत्तर शोधून लिहावे. "आज खूप शिकायला मिळाले" असे वाक्य लिहू नये. "ड्रेसिंगच्या आधी सिस्टरनी वेदनाशामक गोळी दिली आणि अर्धा तास थांबल्या, का?" असे लिहावे. रुग्णाचे नाव, गाव, खाटेचा क्रमांक वहीत नको, "साठीतील शेतकरी, पायाला जखम" एवढे पुरे. वॉर्डात फोटो काढू नये, स्वतःचाही, कारण मागे कोणाची तरी खाट असतेच. आणि मेट्रोत किंवा शहरातल्या "आपली बस"मध्ये मैत्रिणीला आजच्या रुग्णाविषयी सांगू नये. नागपूर वाढले असले तरी समोरच्या बाकावर त्याची मामेबहीण बसलेली असू शकते.

जाताना पोटभर खाऊन जावे. जखम पाहून डोळ्यांपुढे अंधारी आली तर खोटी हिंमत न दाखवता भिंतीला टेकून खाली बसावे. पुष्कळ उत्तम परिचारिका पहिल्या ड्रेसिंगला अशाच बसल्या होत्या. पहिला मृत्यू पाहिलात तर त्या दिवशी एकटे घरी जाऊ नये, वॉर्डातल्या कोणाशी तरी बोलून मग निघावे. दोन-तीन महिन्यांनंतरही खाटेजवळ जाणे नकोसे वाटत असेल तर तेही मोकळेपणाने मान्य करावे. रक्तपेढी, सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा, औषधभांडार, क्ष-किरण विभाग येथे तितक्याच जबाबदारीची कामे आहेत, आणि त्या विभागांत आठवडाभर बसू द्यावे अशी विनंती अवश्य करावी.

मुदत संपल्यावर ज्यांच्या देखरेखीखाली काम केले त्यांना वही वाचायला द्यावी आणि चुका दाखवायला सांगावे. दाखला मागताना तारखा, एकूण तास, विभाग आणि प्रत्यक्ष केलेली कामे त्यात लिहून मागावीत. ओळखपत्र परत करावे. नेहमी येणाऱ्या ज्या रुग्णांना तुमची सवय झाली असेल त्यांना हा तुमचा शेवटचा शनिवार आहे हे आदल्या आठवड्यातच सांगावे, कारण डायलिसिसला येणारी एखादी आजी पुढच्या शनिवारी दाराकडे तुमची वाट पाहत बसते.